टॉलमनचा शेवटचा मंगळवार

कचरा टाकायला पद्मजा मागच्या दाराने बाहेर पडली आणि वाऱ्याने दार धाडकन लागलं. किल्ली आत. स्टोव्हवर कुकर. नवरा गिरीश युनिव्हर्सिटीत, आणि अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावातल्या मार्चच्या थंडीत ही साडी-सपातांवर बाहेर.

तेवढ्यात रस्त्यावर टायवाले दोन तरुण दिसले. घरोघर जाऊन आपला धर्म सांगणारे हे मॉर्मन मिशनरी. एरवी पद्मजा त्यांना दारातूनच ‘नो थँक्यू’ म्हणायची. आज तीच त्यांच्याकडे धावली.

त्यातला टॉलमन जेमतेम एकविशीचा, पण त्यांच्या रिवाजाप्रमाणे त्याला ‘एल्डर’ म्हणत, म्हणजे वडीलधारा. त्याची दोन वर्षांची सेवा शुक्रवारी संपणार होती. बरोबरचा नवखा ब्रिग्ज सकाळपासून त्याच्या मागे लागला होता, “तू चाललास घरी. आता कशाला पायपीट? बॅग भर, झोप काढ.”

“आज मंगळवार आहे,” टॉलमन एवढंच म्हणायचा.

त्याने पद्मजाचं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “घरात कोणी पुरुष आहे का?”

“नाही.”

“मग पंचाईत आहे. घरात बाई एकटी असेल तर आम्हाला आत जाता येत नाही.”

“अरे, पण बाई बाहेर आहे ना.”

टॉलमनने क्षणभर विचार केला. “हे खरंय,” म्हणत त्याने कोट काढला.

बाथरूमची खिडकी उघडी होती. ब्रिग्जने खांदा दिला. टॉलमन कमरेपर्यंत आत गेला आणि अडकला. ब्रिग्जने पाय धरून ढकलल्यावर आतून मोठा धबाक आवाज आला. टबात पद्मजाने चादरी भिजत घातल्या होत्या.

आणि कुकरची शिट्टी झाली.

“मॅम, हे काय आहे?” आतून घाबरा आवाज आला.

“डाळ आहे. स्टोव्ह बंद कर.”

“डाळ शिट्टी का वाजवते?”

“आधी बंद कर, मग सांगते.”

त्याने बटण उलटं फिरवलं. कुकर आणखी खवळला. “दुसऱ्या बाजूला,” पद्मजा खिडकीतून ओरडली. शेवटी सगळं शांत झालं. टॉलमनने दार उघडलं, आधी स्वतः बाहेर आला, मगच तिला आत जाऊ दिलं. तो लंगडत होता आणि कानाला साबणाचा फेस होता.

तोवर पोलिसांची गाडी येऊन थांबली. समोरच्या घरातून कोणीतरी खिडकीतले पाय पाहिले होते.

“ही माझीच माणसं आहेत,” पद्मजा पोलिसाला म्हणाली. “डाळ बंद करायला मीच पाठवलं होतं.”

पोलिसाला ते नीटसं कळलं नाही. तो टॉलमनकडे वळला. “पण तुम्ही या भागात करताय काय?”

दोन वर्षांत हे कोणी आपणहून विचारलं नव्हतं. टॉलमन ताठ उभा राहिला आणि सांगू लागला. पोलिसाने हळूहळू पेन खिशात ठेवलं. पद्मजा टॉवेल घेऊन आली आणि तिथेच उभी राहिली. पोरगा थंडीने कुडकुडत होता, पण कालच कामाला लागल्यासारखा जीव ओतून बोलत होता. तिला शेवटच्या प्रकरणापाशी वर्षभर अडलेला गिरीशचा थीसिस आठवला.

“रविवारी घरी या,” पोलीस म्हणाला. “बायकोलाही ऐकू दे.”

“मी नसेन. एल्डर ब्रिग्ज येतील.”

इतका वेळ बुटांकडे बघणाऱ्या ब्रिग्जने मान वर केली. पत्ता त्याने दोनदा विचारून घेतला.

गाडी गेली तसा टॉलमन पायरीवर टेकला. “चल, आज घरी जाऊ. माझ्या बुटात पाणी आहे.”

पण ज्या घरातून पोलिसांना फोन गेला होता, त्याच घराकडे ब्रिग्ज निघालासुद्धा होता.

“चालता चालता वाळेल,” तो मागे न बघता म्हणाला.