सात नंबरचा हात

घड्याळजींचा उजवा हात कोपरापर्यंत टम्म फुगला होता, तेव्हा वॉर्डातल्या मोठ्या सिस्टर वकीलसाहेबांच्या उचकीभोवती ऑक्सिजन घेऊन उभ्या होत्या.

तीन दिवस सात नंबरच्या खाटेवर वकीलसाहेब होते. त्यांना उशी जड वाटे, दिवा ओरडतोय असं वाटे. म्हणून रजिस्टरमध्ये नोंद झाली: 'सात नंबर, नाटकी.' अकरा नंबरवर घड्याळजी, म्हणजे घड्याळं दुरुस्त करणारे म्हातारे गृहस्थ होते, पोटाचं ऑपरेशन झालेले. त्यांची नोंद: 'अकरा नंबर, गंभीर.' आज सकाळी वकीलसाहेबांनी खिडकीसाठी आकाशपाताळ एक केलं, आणि दोघांच्या खाटा बदलल्या. रजिस्टर तेच राहिलं. दुपारी पाळी बदलली. पाळी बदलताना इथे रजिस्टर वाचतात, पेशंट कोणी वाचत नाही.

धाकट्या सिस्टरला नोकरी लागून चारच महिने झाले होते, त्यामुळे तिला अजून डोळ्यांनी दिसत असे. सुई शिरेतून निसटली होती आणि सलाइन हातातच साचत होतं. तिने सलाइन बंद केलं, सुई काढली. पण बोटं गार पडत चालली होती. मोठ्या डॉक्टरांना बोलावणं भाग होतं, आणि तो फोन फक्त मोठ्या सिस्टर करत.

"सिस्टर, सात नंबरचा हात बघता का?"

"नाटकी आहे गं तो."

"अहो, बोटं निळी पडलीत!"

"काल दिवा ओरडत होता, लिहिलंय इथे. आज बोटं निळी. उद्या शेपूट फुटेल."

"ते वकील होते. सकाळी खाटा बदलल्यात!"

मोठ्या सिस्टरनी रजिस्टरची दोन पानं उलटली. "कुठे बदलल्यात?"

मधल्या सिस्टरने तिला बाजूला ओढलं. "बाई गं, मागे एकीने मोठ्या डॉक्टरांना जेवणावरून उठवलं. पेशंट वाचला. पण ती आता चादरी मोजते."

शिकाऊ डॉक्टरने हात पाहिला आणि स्वतःचा घाम पुसला. "मोठ्या सिस्टर काय म्हणतात?"

"नाटकी."

"मलाही साधारण तसंच वाटतंय."

घड्याळजी कण्हत म्हणाले, "पोरी, कोणाला त्रास नको. पण याच हातावर पोट आहे गं माझं."

धाकट्या सिस्टरने स्टूल ओढलं, खाटांवरच्या खिळ्यांना टांगलेल्या सात आणि अकरा नंबरच्या पाट्या काढल्या आणि अदलाबदल करून लावल्या.

"अकरा नंबर!" ती ओरडली.

वॉर्ड धावला. वकीलसाहेब उचकीसकट मागे राहिले.

"अरे देवा, हात बघा हा!" मोठ्या सिस्टर किंचाळल्या. "इतका वेळ कोणाचंच लक्ष नव्हतं?"

"मला वाटलंच होतं," शिकाऊ डॉक्टर म्हणाला.

मोठे डॉक्टर सहा मिनिटांत आले, तोंडातला घास गिळत. घड्याळजींना तडक ऑपरेशनला नेलं. "आणखी अर्धा तास उशीर झाला असता तर हात गेला असता," ते बाहेर येऊन म्हणाले. "कोणी ओळखलं?"

"तीस वर्षांचा अनुभव, सर," मोठ्या सिस्टर लाजून म्हणाल्या. "पेशंटकडे नुसतं बघितलं की कळतं."

धाकट्या सिस्टरने स्टूल जागेवर ठेवलं.

इकडे वकीलसाहेबांना तासभर कोणी विचारलं नाही. उचकी कंटाळून गेली. डोकं दुखायचं थांबलं, पाठ दुखायची थांबली, दिवासुद्धा गप्प झाला. ते चक्क चालत टेबलापर्यंत आले.

"सिस्टर, मला एकदम ठणठणीत वाटतंय. घरी जाऊ?"

मोठ्या सिस्टरनी मान वर न करता विचारलं, "कितवा नंबर?"

वकीलसाहेबांनी वळून पाटी पाहिली. "सात."

"झोपा गुपचूप. म्हणे ठणठणीत!"