पाण्याखालचं दाखवणारा चष्मा

कप्तानच्या मते त्याच्या डोळ्यांना काहीही झालेलं नव्हतं. बिघाड अक्षरांत होता. गेल्या दोन वर्षांत औषधाच्या बाटल्यांवरची, पावत्यांवरची, विमानातल्या नकाशांवरची अक्षरं कुणीतरी मुद्दाम बारीक करत आणली होती. तीस वर्षं आभाळात काढलेल्या माणसाला लांबची धावपट्टी लखलखीत दिसते; मग नाकाखालचा आकडा दिसत नसेल, तर दोष आकड्याचा.

कंपनीच्या डॉक्टरीणबाईंना हे पटलं नाही. त्यांनी कागदावर लिहून दिलं, जवळचा चष्मा लावूनच उडायचं. सिम्युलेटरमधली परीक्षा दहा दिवसांवर होती. ती पार पडली तरच त्यानंतरच्या रविवारचं विमान त्याच्या हाती येणार होतं, आणि त्या विमानात त्याची लेक बसणार होती, दूरच्या शहरी नोकरीला, घर सोडून. ती सहा वर्षांची असताना त्याने तिला सांगून ठेवलं होतं, "तू जाशील तेव्हा मीच नेऊन सोडीन."

चष्मा घ्यायला हरकत नव्हती. हरकत एवढीच की चष्मा लावणाऱ्या प्रत्येक वैमानिकाला तो वीस वर्षं 'दुर्बीण' म्हणत आला होता. साऱ्या दुर्बिणी विमानतळाजवळच्या दुकानात जायच्या. म्हणून त्याने शहराच्या पार दुसऱ्या टोकाचं दुकान शोधलं आणि मनाशी पक्कं केलं, धंद्याचं नावच काढायचं नाही.

दुकान अरुंद होतं. भिंतीभर रिकाम्या फ्रेमा, डोळे काढून घेतलेल्या चेहऱ्यांसारख्या. चष्मेवाला कृश, मवाळ, दबक्या आवाजाचा.

"साहेब, दिवसभर बघता काय? आणि किती लांबून?"

कप्तानने मान डावीकडे कलवली. जन्मभर कानाला हेडफोन लावून लागलेली सवय. ऐकायचं म्हटलं की मान आपोआप कलायची.

"मासे पकडतो," तो म्हणाला.

"दिवसभर?"

"दिवसभर. पाण्याकडे बघत बसायचं. गळाला दोरा बांधायचा, तेवढंच जवळचं काम."

चष्मेवाल्याचे डोळे पाणावल्यासारखे झाले. "भाग्यवान आहात. पाण्यावरची चकाकी गाळून टाकतो, खालचं सगळं दिसेल. एखादा मासा आणा हो पुढच्या वेळी."

चष्मा आला. फिकट मधाच्या रंगाचा, हलका. बायको म्हणाली, "शोभतोय." कप्तानने वर्तमानपत्रातली बारीकातली बारीक जाहिरात घडाघडा वाचून दाखवली. नंबर अगदी बरोबर होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी, घर ऊन खाऊन सुस्त पडलेलं असताना, बायको ओट्याशी त्याला काहीतरी सांगत होती. तो मान कलवून ऐकत होता. आणि ऐकता ऐकता ओव्हनवरचं घड्याळ विझलं. फुंकर मारावी तसं नाही. कुणी आतून पाणी चढवत न्यावं तसं, हळूहळू, आकडा आकडा बुडत.

"लाइट गेली वाटतं."

"कुठे गेली? पंखा फिरतोय की," बायको म्हणाली.

त्याने मान सरळ करून पंख्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. चार वाजून दहा मिनिटं झाली होती. आकडे जागच्या जागी, जणू कुठे गेलेच नव्हते.

पुढे रोज काहीतरी विझू लागलं. वजनकाट्यावरचा आकडा गेला. लिफ्टमधला मजला गेला आणि कितव्या मजल्यावर आहोत ते न कळता तो अंधाऱ्या चौकोनाकडे बघत उभा राहिला. घाबरून त्याने चष्मा काढला, डोळे चोळले, तर मजला होताच. एकट्यालाच दिसायचं हे. शेजारी उभ्या माणसाला काही नाही. वैमानिकच तो, त्याने वहीत नोंदी केल्या. ४.१०, ओव्हन. ५.३५, लिफ्ट. बायकोने वही वाचली आणि घाबरण्याऐवजी विचारलं, "अहो, मी बोलायला लागले की विझतं का सगळं?"

"तसंच दिसतंय," कप्तान प्रामाणिकपणे म्हणाला. त्यानंतर दोन दिवस ती त्याच्याशी मोजकंच बोलली, आणि त्या दोन दिवसांत घरात काहीही विझलं नाही. त्यामुळे तो जास्तच घाबरला.

शनिवारी लेकीचा व्हिडिओ कॉल आला. कॉलेजच्या हॉस्टेलवर ती बॅगा भरत होती. "बाबा, नक्की तुम्हीच ना पुढच्या रविवारी?" तिचा आवाज इवलासा झाला होता. त्याने जीव लावून ऐकायला मान कलवली, आणि लेकीचा चेहरा विझला. कपाळ गेलं, डोळे गेले, हसू गेलं. काळ्या काचेतून नुसता आवाज येत राहिला, विहिरीतून यावा तसा. "बाबा? ऐकताय ना?"

"ऐकतोय गं," तो म्हणाला. "नक्की मीच."

डॉक्टरीणबाईंना सांगितलं असतं तर परवाना तिथेच गेला असता. त्याने कुणालाच सांगितलं नाही.

परीक्षा सोमवारी सकाळी. सिम्युलेटर म्हणजे लोखंडी पायांवर उभी एक बंद खोली. आत हुबेहूब विमान, बाहेर खोटं आभाळ. शेजारच्या खुर्चीत सहवैमानिक बाई. मागे परीक्षक. हा इतकं कमी बोलायचा की सगळे त्याला 'मौनी' म्हणत.

उड्डाण सुरेख झालं. मग कानात नियंत्रण कक्षाचा आवाज आला, "डावीकडे वळा, उंची चार हजार." कप्तानची मान कलली. समोरचे पडदे एकामागून एक काळे पडत गेले. उंची बुडाली. वेग बुडाला. दिशा बुडाली.

कप्तानचा आवाज मात्र स्थिर होता. "माझे सगळे पडदे गेले. विमान तुझ्याकडे घे."

"घेतलं," सहवैमानिक म्हणाली. मग त्याच्या पडद्यांकडे बघून, "सर, तुमचे चालू आहेत."

त्याने मान सरळ केली. चालू होते.

"परत माझ्याकडे."

कानात पुन्हा आवाज आला. पुन्हा मान. पुन्हा अंधार. "गेले. तुझ्याकडे घे."

पाच मिनिटांत विमान चार वेळा इकडून तिकडे गेलं. शेवटच्या वेळी सहवैमानिक बाईने सीटचा पट्टा घट्ट केला आणि कुजबुजली, "सर, तुम्हाला आत्ता नक्की काय दिसतंय?"

मागून मौनीने एक बटण दाबलं. खोटं आभाळ जागच्या जागी थिजलं.

"नवीन काय बसवलंस?" मौनीने विचारलं.

यंत्र बिघडलं की मेकॅनिक पहिला प्रश्न हाच विचारतो. वहीभर नोंदी झाल्या होत्या, पण हा प्रश्न कप्तानने स्वतःला एकदाही विचारला नव्हता. त्याने चष्मा काढून दिला. मौनीने तो लावला, मान कलवली, सरळ केली, पुन्हा कलवली.

"चकाकी गाळणारी काच. ही वैमानिकांना मना आहे, मान कलली की पडदे खाते. तुला पाठ असेल."

"पाठ आहे. पण ती काळी असते ना?"

"कोळ्यांसाठी फिकट बनवतात. त्या अरुंद दुकानातून आणलास?"

"तुला कसं माहीत?"

मौनीने खिशातून स्वतःचा चष्मा काढला. "मीही तिथेच जातो. तू दुर्बीण म्हणशील म्हणून. त्याला सांगितलं, व्हायोलिन वाजवतो. सुरांचा कागद हातभर अंतरावर असतो. आपलं पॅनेलही तेवढ्याच अंतरावर. झकास लागला."

"माझ्यापेक्षा बरं खोटं बोललास. मी मासे पकडतो म्हणालो, आता तो मासा मागतोय."

"कसलं बरं. त्याच्या मुलीच्या लग्नात वाजवायचंय. तीन महिने शिकवणी लावलीय." मौनीने एवढी वाक्यं एका दमात बोलल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. "नीट चष्मा घेऊन गुरुवारी ये. आणि वाटेत मासा घे, वाट बघत असेल तो."

त्याच संध्याकाळी कप्तान अरुंद दुकानात उभा राहिला. हातात ओली पिशवी, नजर जमिनीवर. या वेळी त्याने सगळं खरं सांगितलं. मग स्टुलावर बसून दाखवलं, आभाळ समोर, पॅनेल हातभर, नकाशा मांडीवर, आणि स्विच डोक्यावर. चष्मेवाल्याने टेप लावून एकेक अंतर मोजलं.

"म्हणजे जवळचं तुम्हाला खालीही बघायचंय आणि वरही. काचेत दोन्हीकडे जवळचा नंबर घालू, मधून आभाळ. परवा मिळेल. सरळ सांगितलं असतंत तर पहिल्याच दिवशी हाच दिला असता."

गुरुवारी काहीही विझलं नाही. रविवारी लेक विमानाच्या दारात थांबली, कॉकपिटमध्ये डोकावली. वडिलांनी मान कलवून तिचं बोलणं ऐकलं, आणि तिचा चेहरा तेवत राहिला.

"बाबा, चष्मा?"

"दुर्बीण म्हणतात याला," कप्तान म्हणाला.

मात्र त्या सोमवारी संध्याकाळी दुकानातून निघताना त्याने एक गोष्ट विचारून घेतली होती. "मी मासे पकडणारा नाही, याचा तुम्हाला संशय नाही आला?"

चष्मेवाल्याने पिशवीत डोकावून पाहिलं.

"तेव्हा नाही आला, साहेब," तो हळूच म्हणाला. "आज आला असता. साफ करून, तुकडे करून, वर वजनाची चिठ्ठी लावलेला मासा गळाला लागत नाही सहसा."