गाडी आशुतोषची, किक जयप्रकाशची

"घेणार तर जुनीच! नवी काय, कोणीही घेतं! जुनी सांभाळायला दम लागतो!"

आशुतोषनं हे जाहीर केलं तेव्हा नेरूळच्या त्यांच्या सोसायटीत कोणी त्याला विचारलंही नव्हतं. आयुष्यातली पहिली मोटारसायकल तो चाळिशीला टेकल्यावर घेत होता आणि त्याचं खरं कारण वरच्या मजल्यावर राहत होतं. जयप्रकाश!

जयप्रकाशनं नवी कोरी काळी मोटारसायकल घेतली होती. रोज संध्याकाळी बायकोला, शर्मिलाला, मागे बसवून तो पाम बीच रोडला चक्कर मारायचा. एकदा गॅलरीत दोरीवरचे कपडे काढता काढता आशुतोषची बायको ऋता सहज म्हणाली, "किती मजेत असतात ना दोघं!"

झालं! त्या रात्री आमटीत मीठ नाही हे आशुतोषला कळलंच नाही.

द्रोणागिरीला त्याच्या गोदामाजवळ बाजीराव म्हणून एक निवृत्त गृहस्थ राहत. त्यांची वीस वर्षांची चेरी रंगाची मोटारसायकल विकायची होती. "लेकीसारखी जपलीय हो," म्हणत त्यांनी डोळे पुसले, आणि एवढ्या झटकन किल्ली हातात ठेवली की आशुतोषला तेव्हाच शंका यायला हवी होती!

घरापर्यंत गाडी गुणी सुनेसारखी आली. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र हूं की चूं नाही! आशुतोषनं किक मारली. परत मारली. उजव्या पायाची पोटरी डाव्या पोटरीला ओळखेना, तरी मारतच राहिला. वॉचमन खुर्ची घेऊन बघायला बसला.

तेवढ्यात इस्त्रीच्या शर्टात जयप्रकाश खाली उतरला. "बघू?"

त्यानं चोक ओढला, गाडी जराशी कलती केली आणि एकच किक मारली. धडधडधड!

"वा! आवाज बघा, आशुतोषराव! कॉलेजात माझ्याकडे अशीच होती!"

वरून ऋता ओरडली, "थँक्यू हं, जयप्रकाशभाऊ!"

ते 'थँक्यू' आशुतोषला मिरचीसारखं झोंबलं.

मग हे रोजचंच झालं. आशुतोष तसाच चोक ओढायचा, तशीच गाडी कलती करायचा, शर्टसुद्धा तसाच इस्त्रीचा घालायला लागला. गाडी ढिम्म! जयप्रकाशचा पाय लागला की माहेरचं माणूस आल्यासारखी बोलायला लागायची.

रविवारी तर जयप्रकाश स्वतःचे पाने घेऊन पार्किंगमध्ये ठाण मांडून बसला. प्लग साफ केला, चेन ताणली, टाकीवर प्रेमानं फडका फिरवला. ऋतानं दोघांना कांदेपोहे पाठवले. जयप्रकाशच्या पोह्यांवर खोबरं जास्त होतं! आशुतोषनं दोन्ही बशा शेजारी शेजारी धरून खात्री करून घेतली.

"आजपासून माझ्या गाडीला कोणी हात लावायचा नाही!" त्यानं घरात जाहीर केलं.

"अरे, पण ते मदतच..."

"कोणी म्हणजे कोणी नाही!"

मग आठवडाभर त्यानं मोबाइलवर व्हिडिओ बघून कार्बोरेटर उघडला, रॉकेलनं धुतला आणि परत जोडला. एक स्क्रू उरला. उरला त्या अर्थी गाडीला तो नको असणार, असं म्हणून त्यानं तो कुंडीत टाकून दिला.

आणि पुढच्या रविवारी चमत्कार झाला. घामाच्या धारा लागल्यावर का होईना, गाडी आशुतोषच्या किकनं सुरू झाली!

"ऋता! लवकर ये! असशील तशी ये!"

ऋता एकाच कानात डूल घालून धावत आली. "कुठे आग लागली?"

"उरणला! बीचवर! बस!"

आता एकदा सुरू झालेली गाडी बंद करायची कोणाची छाती? उरणच्या टपरीवर आशुतोषनं चहा प्यायला तो चालू गाडीवर बसून, एक हात अ‍ॅक्सिलेटरवर ठेवून. ऋता एकटीच समुद्र बघून आली. वाळूत नारळपाणी प्यायचा बेत होता, तो तिनं एकटीनंच उरकला.

परतीच्या वाटेवर, उलव्याच्या अलीकडे, गाडीनं दोन उचक्या दिल्या आणि मान टाकली.

"जयप्रकाशभाऊंना फोन करू?"

"मेलो तरी नाही!"

भर उन्हात तो गाडी ढकलत निघाला. बराच वेळ मागून ऋताचा आवाज येईना, म्हणून वळून पाहतो तर काळी मोटारसायकल उभी! हेल्मेट काढत जयप्रकाश हसत होता. ऋतानं त्याला लोकेशन पाठवलं होतं आणि सगळी हकिकतही कळवली होती.

"सकाळपासून बंदच केली नाहीत? मग पेट्रोल संपणारच की हो!" जयप्रकाशनं टाकीखालची कळ रिझर्व्हला फिरवली. एक किक. धडधडधड! "इथनं पुढे मी आणतो. तुम्ही माझी घ्या."

आणि अशा रीतीनं आशुतोषला हवं होतं ते सगळं मिळालं. बुडाखाली नवी गाडी, मागे ऋता, समोर गुळगुळीत रस्ता. पण त्याचा जीव आरशात अडकला होता. मागून जयप्रकाश शीळ घालत येत होता! एवढी धडधड तर गाडीनं आशुतोषसाठी कधीच केली नव्हती.

बेलापूरच्या सिग्नलला दोघं शेजारी थांबले. एका स्कूटरवाल्यानं जुन्या गाडीचा फोटो काढला. कारची काच खाली झाली. "काका, क्या मेन्टेन किया है! कितनी पुरानी है?"

"जीव लावावा लागतो, भाऊ," जयप्रकाश लाजत म्हणाला.

आशुतोषच्या आत काहीतरी फुटलं. "माझी आहे! ती गाडी माझी आहे!" तो हेल्मेटमधून किंचाळला.

लगेच शिट्टी वाजली. ट्रॅफिक हवालदार धावतच आला. दचकून जयप्रकाशनं गाडी बंद पाडली.

"चोरीची हाय काय? कागद दाखवा!"

आशुतोषनं मोबाइलवर कागद दाखवले.

"हे बाजीराव कोन?"

"त्यांच्याकडून घेतली. नावावर व्हायचीय अजून."

"आनि तुमच्याखालची?"

"ती... यांची."

हवालदारानं कपाळ चोळलं. "तुमची ते चालवतात, त्यांची तुमी चालवता, आनि कागद तिसऱ्याचे! एक काम करा. ज्याची गाडी हाय, त्यानं चालू करून दाखवा."

आशुतोष उतरला. चोक ओढला. गाडी कलती केली. मनातल्या मनात कुलदैवताला नवस बोलला. किक! किक! किक! सिग्नल हिरवा झाला, परत लाल झाला, पण एकही स्कूटर हलेना. सगळे बघत होते. ऋता मात्र आकाशाकडे बघत होती.

शेवटी तो घसा खाकरून हळूच म्हणाला, "जयप्रकाश... जरा बघता का?"

एकच किक. धडधडधड! गर्दीनं टाळ्या वाजवल्या.

"जावा, काका. गाडी तुमचीच," हवालदार जयप्रकाशला म्हणाला. मग काळ्या गाडीवर परत बसणाऱ्या आशुतोषकडे वळला. "आनि तुमी हो! नवी गाडी हाय, मागं बायको हाय, तरी दुसऱ्याच्या गाडीवर कशाला डोळा?"

"साहेब, हेच मी यांना कधीपासून सांगतेय," ऋता म्हणाली आणि तिनं हसू दाबत आशुतोषचा खांदा धरला.

आशुतोषनं काळ्या गाडीच्या सेल्फचं बटण दाबलं.