व्याजाला फोन येत नाही

आमच्या मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात जेवणाच्या कूपनवरच सोडतीचा नंबर छापलेला असतो. गेल्या दिवाळीला पहिला नंबर लागला वानखेडे काकांचा. बक्षीस होतं इलेक्ट्रिक प्रेशर कुकर. स्टेजवरून नाव पुकारलं, टाळ्या पडल्या, शेजारच्या खुर्चीतल्या कुसुमकाकू पदर सावरत अर्ध्या उठल्याही. काका मात्र बसल्या जागेवरून खणखणीत आवाजात म्हणाले, "मी कुकर मागितला नव्हता. त्यापेक्षा सर्वांच्या कूपनमध्ये तेवढी सूट द्या."

लोक हसले. काकांचा आणि विनोदाचा काही संबंध नसतो हे माहीत असलेले आम्ही तीन-चार जण तेवढे हसलो नाही. कुकर दुसऱ्या कुणाच्या तरी घरी गेला आणि काकू परत खाली बसल्या.

ट्रॉय या अमेरिकी गावात आमच्या आणि वानखेड्यांच्या ड्राइव्हवेच्या मध्ये एक मेपलचं झाड आहे. त्याची पानं कुणाच्या बाजूला किती पडतील याची खात्री देता येत नाही, एवढ्या एका कारणावरून काकांचा त्या झाडावर राग आहे. काका मूळचे नागपूरचे. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत त्यांनी उभी हयात क्वालिटी विभागात काढली. बोल्ट मापात बसला तर पास, नाही तर भंगार. मधलं काही नाही. कंपनीने निवृत्त केलं तरी काकांची तपासणी थांबली नाही, फक्त बोल्टांच्या जागी आम्ही शेजारी आलो.

"छापील दाखव" हे त्यांचं पालुपद. दुकानात सेल लागलाय म्हटलं, छापील दाखव. डॉक्टर म्हणाले आठवड्यात बरं वाटेल, छापील दाखवा. हवामानवाल्यांनी साठ टक्के बर्फ असं सांगितलं की ते तावातावाने फोनलाच विचारतात, "पडणार का नाही, तेवढं सांग ना बाप्पा!" आमच्याकडे जेवायला आले की पहिला प्रश्न, "गुलाबजाम माणशी किती?" मी "घ्या हो हवे तेवढे" म्हटलं तर त्यांच्या घशाखाली घास उतरत नाही. दोन म्हटलं की दोन खाऊन तृप्त होतात. माझ्या मुलीचा पहिला दात पडला तेव्हा त्यांनी तिला गंभीरपणे विचारलं, "ती उशीखाली पैसे ठेवणारी टूथ फेअरी एका दाताला काय देते? रेट काय आहे तिचा?" मुलगी म्हणाली, "इट्स अ सरप्राइज, आजोबा!" हे उत्तर काकांना बरेच दिवस पचलं नाही.

असा माणूस पैसे कुठे ठेवणार? सीडीत. सीडी म्हणजे आपली बँकेतली मुदत ठेव. दर ठरलेला, मुदत ठरलेली, शेवटी हातात किती येणार ते पहिल्याच दिवशी कागदावर छापलेलं. पाव टक्का जास्त मिळतो म्हणून काका बर्फातून दोन गावं पलीकडच्या बँकेत जातात. त्यात पेट्रोल किती जळलं, असं विचारून त्यांना पकडायला जाऊ नये. तेही त्यांनी हिशेबात धरलेलं असतं.

घरातही सगळं असंच. मुलगा शेखर दूर पश्चिम किनाऱ्यावर, फ्रीमाँटला असतो. त्याचा फोन रविवारी सकाळी अकराला. आधी तिकडची हवा, मग गाडीची सर्व्हिसिंग, मग नातीची शाळा, असा काकांचा क्रम संपला की फोन काकूंच्या हातात जातो. काकू जरा कुठे रंगात येतात तोच पलीकडून "चल आई, पोरीची सॉकर प्रॅक्टिस आहे" ऐकू येतं. "एक रविवार चुकला नाही पोराचा," काका अभिमानाने सांगतात. ते खरंही आहे.

यंदा जानेवारीत काकूंच्या सीडीची मुदत संपली. काकूंची म्हणजे खरोखर काकूंची. शाळेच्या कॅफेटेरियात वर्षानुवर्षं पोरांना वाढून जमवलेले पैसे होते ते. मुदत संपल्यावर दहा दिवसांच्या आत काय ते बँकेला सांगायचं, नाही तर रक्कम आपोआप पुन्हा पाच वर्षांसाठी अडकते. काकांच्या मते सांगण्यासारखं काही नव्हतंच. पण काकूंनी जाहीर केलं, की या वेळी पैसे बक्षिसाच्या खात्यात ठेवायचे.

आमच्याकडच्या एका क्रेडिट युनियनमध्ये, म्हणजे आपल्या पतपेढीसारख्या संस्थेत, असं खातं आहे. जेवढे पैसे भराल त्या प्रमाणात दर महिन्याच्या सोडतीत तुमचं नाव पडतं. मुद्दल कुठे जात नाही, पण व्याज जवळजवळ नाहीच. लागलं तर बक्षीस, नाही तर तुमचे पैसे तुम्हाला. काकूंनी नागपुरात असताना भिशी चालवली होती, त्यामुळे त्यांना हे एका दमात कळलं. काकांनाही कळलं, म्हणूनच त्यांचा रक्तदाब वाढला.

मी बँकांच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करते, तेव्हा पंच म्हणून माझी नेमणूक झाली. मी लॅपटॉप घेऊन त्यांच्या डायनिंग टेबलाशी बसले.

"मुग्धा, तूच सांग हिला," काका म्हणाले. "हे बक्षीस येतं कुठून? साऱ्यांचं व्याज कापून एकाला देऊन राहिले ते. म्हणजे हिचंच व्याज, अन् जाणार कुणाच्या घरी!"

हिशेबाने काकांचं अगदी बरोबर होतं. मी एक्सेल शीट काकूंकडे वळवली. एका बाजूला पाच वर्षांचं खात्रीचं व्याज होतं आणि दुसऱ्या बाजूला बहुधा काहीच नव्हतं.

काकूंनी चष्मा लावून नीट पाहिलं. "मुद्दल तर बुडत नाही ना?"

"नाही. पण काकू, एवढं व्याज सोडायचं?"

"व्याज येतं तेव्हा कुणी फोन करतं का?" काकू म्हणाल्या. "ते आपलं गुपचूप येऊन बसतं खात्यात. बक्षीस लागलं की फोन येतो. तिथल्या काउंटरवरच्या मुलीने सांगितलं मला."

"फोनसाठी?" काका उडालेच. "फोनसाठी व्याज सोडून राहिली तू?"

काकू उठल्या आणि भाजी चिरायला लागल्या. मला वाटलं, विषय मिटला. पण त्या दिवशी दुधी चिरला होता. दुसऱ्या दिवशीही दुधी. तिसऱ्या दिवशी काकांनी विचारलं, तर काकू म्हणाल्या, "खात्रीची भाजी आहे. पाच वर्षं बदलणार नाही."

काकाही नमतं घेणाऱ्यांतले नव्हेत. रोज ताट स्वच्छ करून ते "मीठ कालच्याइतकंच आहे" असा अहवाल द्यायचे. एका संध्याकाळी मात्र ते आमच्या मागच्या दाराशी येऊन उभे राहिले, बुटांवरचा बर्फ झटकला आणि हळूच म्हणाले, "काही गोड आहे का?" माणशी किती, हे त्या दिवशी त्यांनी विचारलं नाही.

त्या दहा दिवसांतल्या शेवटच्या दिवशी बर्फ फार होता म्हणून मीच दोघांना आधी बँकेत आणि मग क्रेडिट युनियनमध्ये घेऊन गेले. काकांनी काउंटरवर बोट आपटून सांगितलं, "शो मी इन प्रिंट." त्या मुलीने पत्रक दिलं. काकांनी त्यातलं बारीकात बारीक अक्षर वाचलं. मुद्दल सुरक्षित, हे छापील निघालं. त्यांच्याच नियमाने त्यांची कोंडी झाली.

"तुझे पैसे, तुझी सही," ते काकूंना म्हणाले आणि पाठ फिरवून पार्किंगकडे बघत उभे राहिले. काकूंनी सही केली. फोन नंबर बरोबर लिहिलाय ना, ते त्या मुलीकडून दोनदा वाचून घेतलं.

मग सुरू झालं फोनची वाट बघणं. काकूंनी फोन स्वेटरच्या खिशात ठेवायला सुरुवात केली. अनोळखी नंबर आपण सगळे कापतो. काकू पहिल्या रिंगला उचलायच्या. गाडीची वॉरंटी विकणारे, छप्पर दुरुस्त करणारे, मत मागणारे, सगळ्यांना त्या गोड आवाजात "येस, कुसुम स्पीकिंग" म्हणायच्या. एकदा माझ्यासमोरच एका वॉरंटीवाल्याला त्यांनी सांगितलं, "नो वॉरंटी. बट थँक यू फॉर कॉलिंग." तो बिचारा बहुधा गोंधळला असावा, त्याने लगेच ठेवला. काका टेबलाशी बसून हे बघत होते. "सांगितलं होतं" म्हणायची ही नामी संधी होती. ती त्यांनी सोडली, याचं मला तेव्हा नवल वाटलं.

एप्रिलमध्ये बर्फ वितळला आणि आमचं फिरणं पुन्हा सुरू झालं. रविवारी शेखरचा फोन झाला की काका बाहेर पडतात, मीही पाय मोकळे करायला जाते.  त्या दिवशी ते एकदम म्हणाले, "शेखरने एकदा मधेच फोन केला होता. मंगळवारी, दुपारी. बरीच वर्षं झाली."

"मग?"

"मी उचलला. म्हटलं, काय झालं? तो म्हणे, काही नाही बाबा, सहज केला. मी म्हटलं, सहज काय? आज मंगळवार आहे. काही नसेल तर रविवारी बोलू ना."

मी काकांकडे पाहिलं. ते फुटपाथच्या भेगा बघत चालत होते.

"मग रविवारी केला त्याने, अकराला. तेव्हापासून एक रविवार चुकला नाही पोराचा."

हेच वाक्य मी त्यांच्या तोंडून कितीदा तरी अभिमानाने ऐकलं होतं. "आणि काकू कुठे होत्या?" मी विचारलं.

"लायब्ररीत. तिला सांगितलंच नाही मी."

"मग आता शेखरला सांगा ना. म्हणावं, मधूनमधून करत जा."

"मी सांगितल्यावर त्याने केला, तर तोही फिक्स्डच झाला ना," काका म्हणाले.

कोपऱ्यावर पोहोचल्यावर त्यांनी जॅकेटच्या खिशातून सुपारीची स्टीलची डबी काढली. आत सुपारी नव्हती. भिशीला घालतात तशा बारीक घड्या घातलेल्या चिठ्ठ्या होत्या.

"काढ एक. साती वार आहेत, अन् तीन कोऱ्या. मी काढली तर सोयीचा वार बघून काढीन, अन् तिच्या लगेच ध्यानात येईल."

"कोऱ्या कशाला?"

"दर आठवड्याला लागलं तर ते व्याज झालं. बक्षीस कसं म्हणायचं त्याला?"

मी काढली. गुरुवार निघाला. कशाचा गुरुवार, ते काही त्यांनी सांगितलं नाही. बोल्ट पास झाल्यासारखी मान हलवली आणि डबी खिशात टाकली.

गुरुवारी दुपारी मी काकूंची वाटी परत द्यायला गेले होते. काका हार्डवेअरच्या दुकानात गेले होते. काकूंच्या खिशातला फोन वाजला.

"येस, कुसुम स्पी... अहो, तुम्ही? गाडी बंद पडली का? मग? पाकीट विसरलात?" पलीकडून काहीतरी उत्तर आलं. काकू जवळची खुर्ची ओढून बसल्या. "सहज?"

सहज केलेल्या फोनवर बोलायचं काय, याचा काकांना आयुष्यात सराव नव्हता. मग काकूंचा चेहरा उजळला. "कुठे, पार्किंगमध्ये? पिल्लं पण आहेत? किती? नीट मोजा ना!"

फोन ठेवल्यावर काकू माझ्याकडे वळल्या. "तिकडे रानबदकं आलीत म्हणे. पिल्लं आहेत सोबत." मग त्या म्हणाल्या, "कामाशिवाय कधी फोन केला नव्हता गं यांनी. लग्नाच्या आधीसुद्धा नाही." आणि फोन खिशात ठेवायचं विसरून त्या हातातच धरून बसल्या.

तेव्हापासून दर रविवारी मी चिठ्ठी काढते. सोमवार निघतो, शुक्रवार निघतो, कधी कोरी निघते आणि तो आठवडा तसाच जातो. क्रेडिट युनियनचा फोन अजून आलेला नाही. काकू हल्ली त्याबद्दल विचारतही नाहीत, आणि वॉरंटीवाल्यांचे फोन आता कापतात.

परवाच्या रविवारी शेखरचा फोन फार लवकर आटोपला. प्रॅक्टिसची घाई होती. काकूंच्या हातात फोन गेला तोवर पलीकडे बाय चालू होतं. आम्ही फिरायला निघालो तेव्हा काकू दारात उभ्या होत्या. कोपऱ्यावर काकांनी डबी पुढे केली. मी चिठ्ठी काढली, उघडली. कोरी होती. काकांनी ती हातात घेतली, चष्मा वर करून दोन्ही बाजूंनी तपासली, पुन्हा घडी घालून डबीत टाकली आणि झाकण लावून चालू लागले.

चार घरं गेल्यावर ते थांबले. ज्या माणसाने उभ्या नोकरीत मापाबाहेरचा एक बोल्ट पास केला नाही, त्याने डबी पुन्हा काढली, झाकण उघडलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "अजून एक काढ."