रंगराव आबांच्या कमरेचं कव्हर

रंगराव आबा दुकानात आले की आधी बैठका काढत. कमरेला मी शिवलेलं कव्हर, कव्हरात सुताराकडून करून घेतलेलं लाकडी रिव्हॉल्व्हर, आणि आरशात स्वतःकडे रोखून बघत पन्नाशी उलटलेला गडी खाली-वर. पर्स घ्यायला आलेल्या बायका दारातूनच परत जायच्या.

लाकडी रिव्हॉल्व्हर माझ्या हट्टामुळे. खरी वस्तू दुकानात आणायची नाही, असं मी बजावलं होतं. "लायसन हाय की वहिनी," ते म्हणाले. म्हटलं, लायसन तुम्हाला आहे, माझ्या गिऱ्हाइकांना नाही.

शिवाजी पेठेत आमचं चामड्याच्या वस्तूंचं दुकान. मापं घेणं, कापणं, शिवणं माझ्याकडे. गल्ल्यावर बसून राजकारण करणं नवऱ्याकडे. मोबाईल नुकते आले होते आणि ज्याच्या त्याच्या कमरेला त्याचं कव्हर लटकत होतं, त्यामुळे काम भरपूर. अधूनमधून रिव्हॉल्व्हरवालेही येत. त्यांची मागणी ठरलेली: लग्नात कोट उघडा टाकून उभं राहिलं की पावण्यांना दिसलं पाहिजे, आणि झटक्यात निघालं पाहिजे. झटक्यात काढायची वेळ कुणावर आल्याचं मी ऐकलं नाही, पण मागणी झटक्याचीच.

आबा पन्हाळ्याच्या पायथ्याचे, ऊसवाले. त्यांनाही मी तसलंच एका टिचबटणाचं शिवून दिलं. थोड्याच दिवसांत परत हजर.

"लय लवकर निघतंय."

मला वाटलं, पडतं. मी कव्हराचं तोंड आवळून दिलं. आबांनी बैठका काढल्या, माळ्याची शिडी चढून उतरले, स्टुलावरून उडी मारली. रिव्हॉल्व्हर जागचं हललं नाही. मग हात घालून त्यांनी ते उपसलं आणि तोंड वाकडं केलं. "न्हाय वहिनी. लवकरच निघतंय."

वरून पट्टा आणि बक्कल लावलं. आबा म्हणाले, "आनि एक." ते लावलं. "तिथं आनि एक बसंल की." तिसरंही लावलं.

"आबा, हे कव्हर आहे का होल्डॉल? चोर चहा पिऊन जाईल, तुमचं पहिलंच बक्कल सुटत असेल."

"पिऊ दे की. चोराचं काय घिऊन बसलाय."

"मग कपाटातच ठेवा कुलूप लावून."

"गावात समदी रिव्हॉल्वरवाले आबा म्हनत्यात. कमरंला दिसलं न्हाय तर इकलं म्हनतील."

मी कात्री खाली ठेवली. "नक्की काय पाहिजे ते सांगा, नाहीतर दुसरीकडे जा."

नवरा बाहेर गेलाय हे बघून आबा स्टुलावर बसले. "आमचा धाकटा भाऊ हाय, तानाजी. बांधाला बांध. रोज सकाळी हुबा ऱ्हाऊन शिव्या घालतो. मी बी घालतो. परवा माजा हात कमरंला गेलता. बटान निघालं बी. त्यो पाठ फिरवून चाललाता, त्येला कळलं न्हाय." त्यांनी लाकडी रिव्हॉल्व्हर मांडीवर ठेवलं. "माजा राग लवकर येतो, तसा जातो बी. दोन बकलांत उतरतोय का तीन लागत्यात, एवढंच बघायचंय. तुमी शिव्या घाला, मी बकलं सोडतो."

मी पेठेतलीच. शिव्या काही शोधाव्या लागल्या नाहीत.

"बांधचोरा."

"जरा जोर लावा."

मी आईवर घसरले. आबांनी हात वर केला. "आईवरनं नगं. त्यो देत न्हाय तसल्या. आई एकच न्हवं दोघांची."

मग मी बांध, ऊस, मिशा, सगळं काढलं. शेजारचा टेलर मशीन थांबवून ऐकत होता. आबांचा चेहरा लाल झाला. पहिलं बक्कल तटकन सुटलं. रिव्हॉल्व्हर लाकडाचं होतं, तरी मी काउंटरच्या मागे सरकले. दुसरं बक्कल नव्या चामड्यात अडकलं. आबांची बोटं घसरत होती आणि मी तानाजी होऊन तोंडाला येईल ते बोलत होते. "लहानपणापासून माझ्या ताटातलं ओढून खाल्लंस."

आबांची बोटं थांबली.

"वडून न्हाय खाल्लं वहिनी," ते म्हणाले. "त्योच द्यायचा. सोताहून."

दुसरं बक्कल त्यांनी परत नीट बसवलं.

"मग तिसरं काढून टाकू का?" मी विचारलं.

"ऱ्हाऊ दे. कवातरी लागंल." दारापर्यंत जाऊन ते वळले. "आनि तानाजी कधी आला हिकडं, तर हात कमरंला गेलता त्ये सांगू नगा. बांधावर यायचा बंद हुईल. तेवढंच बोलनं उरलंय आमचं."