प्रमाणित डोकं

आमच्या प्रयोगशाळेत कामाचं असं एकच डोकं आहे आणि ते प्लास्टिकचं आहे. त्यात साखर-मिठाचं पाणी भरलेलं असतं. बाजारात येणाऱ्या प्रत्येक मोबाइलच्या लहरी त्या डोक्यात किती शिरतात हे मी मोजतो आणि ‘सुरक्षित’ असा शिक्का मारतो. अकरा वर्षांत या डोक्याने एकदाही कुरकुर केलेली नाही.

कुरकुर केली ती माझ्या सख्ख्या मावशीने. तिची एकुलती एक लेक परदेशात. रोज तासभर दोघी फोनवर बोलतात. मावशीचा दिवस त्या एका तासावर चालतो.

"कान तापतो रे, डोकं ठणकतं. हा फोन तूच तपासलायस ना?" असं म्हणत तिने रीतसर अर्ज दिला. मला अपराध्यासारखं झालं. मी फोन पुन्हा तपासला, या वेळी प्लास्टिकच्या कानाला टेकवून. आकडा मर्यादेच्या दुप्पट आला. मी धावत साहेबांकडे गेलो.

"टेकवलास?" साहेब खुर्चीतून उठलेच. "नियमाप्रमाणे फोन डोक्यापासून पंधरा मिलिमीटर लांब धरायचा असतो!"

"पण साहेब, लोक तर कानाला लावतात."

"मग ती लोकांची चूक. त्यात फोनचा काय दोष?"

फोन पास आहे म्हटल्यावर दोष अर्जदाराच्या डोक्यात असणार, हे ओघानेच आलं. मावशीला डोक्यासह हजर राहण्याचं पत्र गेलं. बिचारी केस धुऊन आली. मी टेप लावून घेर मोजला, साहेबांनी फॉर्म भरायला घेतला.

"आत काय भरलंय?"

"मेंदू असावा," मावशी म्हणाली. "बाकी सगळी लेकीची काळजी."

साहेबांनी खेदाने मान हलवली. या दोन्ही गोष्टी प्रमाणात बसत नव्हत्या.

अहवालात मावशीचं डोकं नापास झालं. तीस दिवसांत ते प्रमाणात आणावं, तोपर्यंत फोन कार्यालयात जमा करावा, असा आदेश निघाला. खाली सही माझी. माझ्या बढतीची फाइल त्याच टेबलावर होती. मला लाज वाटली. सही मात्र नेहमीपेक्षा झोकदार आली.

"अरे, पण ती आज फोन करेल ना," मावशी दारातून म्हणाली.

फोन आलाच. तो घ्यायला मंजूर असलेलं डोकं आमच्याकडे एकच. मी फोन त्याच्यापासून बरोबर पंधरा मिलिमीटर लांब धरला. "आई, ऐकतेयस ना?" लेक विचारत राहिली. डोक्याने शांतपणे सगळं ऐकून घेतलं. आकडा मर्यादेत आला. साहेबांनी माझी पाठ थोपटली.

हसू नका. नवा फोन घेतलात तेव्हा काही न वाचता ‘मान्य आहे’वर बोट ठेवलंत ना? त्या अटींच्या एकोणिसाव्या पानावर, आपल्या डोक्यात साखर, मीठ आणि पाणी यांखेरीज काहीही नाही, असं तुम्ही स्वतः लिहून दिलेलं आहे. न वाचता दिलंत, म्हणून आम्ही ते खरं धरलं.