चिवड्याची सांभाळणावळ

शासनाला प्रत्येक कामाचा दर ठाऊक असतो. खड्डा खणण्याचा दर आहे, तो बुजवण्याचा आहे, आणि खड्डा नव्हताच असा अहवाल देण्याचाही आहे. पण मैत्रिणीने आपलं मांजर सांभाळलं तर तिला काय द्यावं, याविषयी आजवर एकही परिपत्रक निघालेलं नाही.

ही गंभीर त्रुटी सिंधू टेंभेकरांच्या ध्यानात आली ती मे महिन्यात, भाच्याचं लग्न उरकून नागपूरहून भोपाळला परतताना, इटारसीच्या आसपास. सिंधूताई एका सरकारी कचेरीच्या लेखा शाखेत आहेत. दुसऱ्यांच्या प्रवासभत्त्याच्या बिलांत चुका काढणं हे त्यांचं काम (सहकाऱ्यांच्या मते छंद). यजमान मंडल्याला बदलीवर. तुलसी नगरच्या क्वार्टरमध्ये त्या, मुलगी ऋतुजा आणि चिवडा नावाचा पिवळा-तपकिरी बोका असे तिघं राहतात. माणसं लग्नाला गेली, तेव्हा बोका कल्पना किरकिरेंवर सोपवला होता.

कल्पनाताई मूळच्या इंदूरच्या, इथे शाळेत भूगोल शिकवतात, दोन गल्ल्या सोडून राहतात. दर आठवडी हाटाला दोघी मिळून बिट्टन मार्केटला भाजी आणायला जायच्या. सिंधूताई भाव पाडायच्या आणि कल्पनाताई पिशवी उघडून धरायच्या. अशी ही वीस वर्षांची मैत्री. चिवडा एकट्याने जेवत नाही, समोर माणूस बसलेलं लागतं. कल्पनाताई आठ दिवस सकाळ-संध्याकाळ येऊन बसल्या. एकदा तो लोखंडी कपाटाखाली शिरला आणि बाहेर येईना, तेव्हा त्यांनी फरशीवर आडवं होऊन त्याला नर्मदा खोऱ्याचा धडा म्हणून दाखवला. तो बाहेर आला. (वर्गातून मुलंही याच धड्याला बाहेर जातात.)

"मम्मी, इतना क्या सोचना?" ऋतुजा म्हणाली. "ॲपवर रेट आहे ना. एका व्हिजिटचे चारशे. मावशीचा कोड स्कॅन कर, खतम."

"मावशीला स्कॅन करतात का गं?"

सिंधूताईंनी कचेरीत रीतसर पाहणी केली. आठ जणांनी मत दिलं. तिघं म्हणाले, मैत्रीत पैसे कसले? या तिघांचीही मैत्री अशीच फुकटात चालू असल्याचं चौकशीत आढळलं. दोघींनी साडी सुचवली. पैकी एकीकडे मनातून उतरलेली एक साडी होती आणि ती वाजवी दरात द्यायला तयार होती. दोघांनी मत राखून ठेवलं. आवक-जावक पाहणारे वसंतराव तेवढे म्हणाले, "मॅडम, मांजर जिवंत मिळालं ना? मग फाइल बंद करा."

पण बंद फाइल सिंधूताईंना झोपू देत नाही. त्यांनी हिशेब मांडला. बाजारभावाने चौसष्टशे होत होते. त्यातून मैत्रीची सूट वजा केली. (ही सूट देण्याचा अधिकार कल्पनाताईंचा होता, पण त्यांना कशाला त्रास, म्हणून सिंधूताईंनीच ती स्वतःला मंजूर केली.) मग कल्पनाताईंनी या घरी बसून पाहिलेल्या मालिका आणि कैरीच्या लोणच्याच्या बरणीत पडलेली खोल घट वजा केली, भूगोलाबद्दल थोडी भर घातली. दोन हजार आले.

दोन हजार ही मजुरी दिसते. म्हणून त्यांनी वर एक रुपया ठेवला. मराठी घरात या वरच्या रुपयाचं सामर्थ्य मोठं असतं. पाचशे रुपये कोणीही कोणालाही देतं, पाचशे एक फक्त मानाने देतात.

कल्पनाताईंनी सिंधूताईंनी दिलेलं पाकीट उघडलं, पैसे मोजले, नाणं बोटांत फिरवलं.

"हे काय गं?"

"असू दे. तुझा मान."

"नुसते पैसे असते ना, तर तुझ्या अंगावर फेकले असते," कल्पनाताई शांतपणे म्हणाल्या. "पण हा आहेर झाला. आहेर कसा नाकारू? आमच्याकडे नाही नाकारत."

इथे सिंधूताईंची चूक त्यांच्या लक्षात यायला हवी होती. मजुरी दिली की विषय संपतो. आहेर दिला की सुरू होतो, कारण तो परत करावा लागतो, आणि परत करताना थोडा चढाच करावा लागतो.

पुढच्या रविवारी कल्पनाताई नारळ, खण आणि एकवीसशे एक रुपये घेऊन आल्या. पाकिटावर वळणदार अक्षरात लिहिलं होतं: ‘चि. चिवडा यास, उन्हाळा सुखरूप पार पडल्याप्रीत्यर्थ.’ चि. चिवड्याने नारळ हुंगला आणि तो निघून गेला. सिंधूताईंनी पंधरा दिवसांत किरकिऱ्यांच्या नव्या मिक्सरचं निमित्त साधून पंचवीसशे एक परत केले. कल्पनाताईंनी चिवड्याच्या लसीचा समारंभ धरला आणि तीन हजार एक दिले. मग किरकिऱ्यांचे पडदे बदलले. मग चिवड्याने पहिली पाल पकडली. जुलैअखेरपर्यंत दोन घरांत मिळून इतके मंगल प्रसंग घडले की खालच्या मजल्यावरच्यांनी टेंभेकरांकडे कोणाचं जमलंय अशी चौकशी केली.

या व्यवहारात दोघींचंही आर्थिक नुकसान शून्य होतं, कारण तेच पैसे फिरत होते. (काही नोटा आता ओळखीच्या झाल्या होत्या.) नुकसान झालं ते दुसरीकडे. रिकाम्या हाताने भेटायची चोरी झाल्यामुळे दोघी भेटेनाशा झाल्या. हाटाला सिंधूताई सकाळी जाऊ लागल्या, कल्पनाताई संध्याकाळी. सिंधूताई अजूनही भाव पाडायच्या, पण पिशवी उघडून धरायला कोणी नसल्याने निम्मे टोमॅटो रस्त्यावर जायचे.

ऑगस्टात नागपूरहून फोन आला. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं होतं. ऋतुजाला मदतीसाठी सोबत न्यायचं होतं. बोक्याचं काय? कल्पनाताईंना विचारणं अशक्य होतं. या खेपेचा आहेर सिंधूताईंकडे थकला होता, आणि थकबाकीदाराने नवी मागणी करू नये हे त्या स्वतः लोकांच्या बिलांवर लाल शाईने लिहीत आल्या होत्या. शेवटी निघायच्या आदल्या दिवशी, बोक्याशी ओळख व्हावी म्हणून, ॲपवरून माणूस बोलावला.

तो तरुण वेळेवर आला. त्याने पायांत प्लास्टिकच्या पिशव्या चढवल्या आणि चिवड्याचा स्वभाव विचारला. चिवडा कपाटावर जाऊन बसला. वीस मिनिटं झाल्यावर तरुणाने मोबाईलमध्ये नोंद केली की ग्राहकाने सहकार्य केलं नाही. "व्हिजिट ओव्हर, मॅडम," असं म्हणून तो गेला. वाटी भरलेलीच राहिली.

जिन्यात त्याला कल्पनाताई भेटल्या. ऋतुजाने आईला न विचारता मावशीला मेसेज केला होता. मावशीने जिन्यातच त्याचा दर विचारून घेतला.

"चारशे?" दारात उभ्या उभ्या त्या म्हणाल्या. "एका खेपेचे चारशे? आणि मी आठ दिवस दोन-दोन खेपा घातल्या. भागाकार केलाय मी, सिंधू. दिवसाला अडीचशे पडले मला."

"अगं, तो मैत्रिणीचा दर होता."

"नर्मदा खोरं धरून?"

"धरून."

कल्पनाताईंनी चप्पल काढली, वाटीसमोर बसकण मारली. कपाटावरून चिवडा उतरला आणि जेवू लागला.

"मला विचारलं का नाहीस?"

"तुझा आहेर राहिलाय माझ्याकडे."

"खड्ड्यात गेला आहेर. किल्ली दे. आणि ऐक, मैत्रिणीच्या दरात माझंही एक काम कर. पुढच्या महिन्यात मला चार दिवस महेश्वरला जायचंय. सासूबाईंना तुझ्याकडे ठेवते."

सिंधूताईंनी आयुष्यात प्रथमच दर न विचारता प्रस्ताव मंजूर केला.

सप्टेंबरात सासूबाई आल्या. त्यांनी पडदे, वरण आणि ऋतुजाचे केस यांवर आक्षेप नोंदवले. एकट्याने त्याही जेवत नाहीत, असं पहिल्याच रात्री कळलं. सिंधूताई चार दिवस दोन्ही वेळा त्यांच्यासमोर बसल्या आणि सन एकोणीसशे एकाहत्तरपासूनच्या किरकिरे घराण्याच्या तक्रारी ऐकल्या. चिवडा म्हाताऱ्या बाईंच्या मांडीवरून उठला नाही.

कल्पनाताई परत आल्या. "किती झाले?" त्यांनी विचारलं.

सिंधूताईंनी मनात हिशेब करायला घेतला. बाजारभाव ठाऊक नव्हता. सूट कशातून वजा करायची तेही कळेना.

"पिशवी घेऊन ये," त्या म्हणाल्या. "हाट उठेल."

प्रकरण इथे निकाली निघालं. वाचकांपैकी बहुतेकांनी दोन हजार जास्त की कमी याचा निकाल मनोमन केव्हाच दिला असेल, आणि तो बरोबरही असेल. तेवढ्यात एक आठवून पाहा: गेल्या सुटीत तुमच्या घराची किल्ली कोणाकडे होती? ती परत घेताना "एकदा निवांत चहाला या" असं तुम्ही म्हणाला होतात. ते अजून निवांतच आहेत.